शासकीय खरेदी आणि डोंगरातील बचत गट

पालघर जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, सह्याद्रीच्या चढउतारांवर मोखाडा तालुका पसरलेला आहे. पोशेरा हे त्यातील एक गाव. नाचणी, वरी, भात आणि खुरासणी ही या मुलखाची पिके, आणि वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी हे येथील प्रमुख समाज. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. त्याच्या पश्चिमेस तारापूर-बोईसरची मोठी औद्योगिक वसाहत आहे. पूर्वेस जव्हार-मोखाड्यात मात्र पावसाळी शेतीखेरीज बाराही महिने चालणारा व्यवसाय अभावानेच आढळतो.

अशा भागात सर्वांत खात्रीचे गिऱ्हाईक कोण, याचे उत्तर आठवड्याच्या बाजारात सापडत नाही. ते अंगणवाडीत, शाळेत, आश्रमशाळेत, आरोग्य केंद्रात आणि ग्रामपंचायतीच्या कचेरीत सापडते. गर्भवतीचा आहार, मुलांचे दुपारचे जेवण, गणवेश, सतरंज्या, झाडू, किरकोळ दुरुस्त्या, साफसफाई या सर्वांवर शासन दरवर्षी नियमाने खर्च करते. हा पैसा गावासाठी येतो, पण पुष्कळदा गावाला वळसा घालून दूरच्या शहरातील पुरवठादाराकडे जातो. तो गावातील महिलांच्या हातून खर्च झाला, तर एकाच रुपयाची दोन कामे होतात. मुलाच्या ताटात अन्न पडते आणि ते शिजविणाऱ्या आईच्या पदरात मजुरी पडते.

हे व्हावे म्हणून कायद्यांनी व शासन निर्णयांनी बऱ्याच सवलती दिल्या आहेत. तरीही डोंगरातील बचत गट निविदेच्या खिडकीपर्यंत क्वचितच पोचतो. जो पोचतो, त्याचे नाव कधी कधी दुसराच कोणी वापरतो. सवलत म्हणजे काम मिळविण्याचे दार. त्या दारातून आत जाऊन काम टिकविण्यासाठी आणखी काय लागते, आणि त्यातील कोणत्या गोष्टी अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या हाती आहेत, याचा विचार या लेखात केला आहे.

कूपांचा जुना धडा

हा प्रश्न ठाणे जिल्ह्याला नवा नाही. स्वातंत्र्यापूर्वी येथील जंगलाचे कूप लिलावाने खाजगी ठेकेदारांना दिले जात. झाड तोडणारा आदिवासी, माल वाहणारा आदिवासी, पण ठेका व्यापाऱ्याचा, अशी स्थिती होती. तुटपुंजी मजुरी, कर्ज आणि वेठबिगार यांनी हा समाज पिचून गेला होता. सिमिंग्टन या अधिकाऱ्याने १९३० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारसाठी केलेल्या पाहणीत हे शोषण नोंदले गेले. १९४५ नंतर गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी जो लढा दिला, त्यातही जंगलकामाची मजुरी हा एक मुख्य मुद्दा होता.

१९४७ मध्ये, बाळासाहेब खेर मुख्यमंत्री असताना, मुंबई सरकारने जंगल कामगार सहकारी संस्थांची योजना सुरू केली. कूप लिलावाविना थेट मजुरांच्या संस्थेला द्यावयाचा, मजुरीचे दर ठरवून द्यावयाचे, आणि संस्थेला हिशेब व व्यवहार सांभाळता यावा म्हणून एखाद्या सामाजिक संस्थेने तिचे पुरस्कर्तेपण पत्करावयाचे, अशी तिची रचना होती. सरकारी कामात दुर्बल घटकाला राखीव वाटा देण्याचा हा आपल्या देशातील एक जुना आणि मोठा प्रयोग होय. त्यामुळे कूपावरील ठेकेदाराची मक्तेदारी मोडली आणि मजुराला ठरलेली मजुरी मागण्याचा आधार मिळाला.

या प्रयोगाची उणीवही ध्यानात घेण्याजोगी आहे. अनेक संस्थांत सभासद सभासद राहिले, पण कारभारी झाले नाहीत. पत्रव्यवहार, मोजमाप, मालाची विक्री आणि बँकेचा व्यवहार ही कामे बाहेरून आलेले कार्यकर्ते व नोकर पाहत राहिले. जे पुरस्कर्तेपण काही वर्षांनी आपोआप संपावयास हवे होते, ते बहुतेक ठिकाणी कायमचे झाले. पुढे वन (संवर्धन) अधिनियम १९८० मध्ये आला, नैसर्गिक जंगलातील तोडीवर मर्यादा आल्या आणि या संस्थांचे काम आटत गेले. एकाच गिऱ्हाइकावर आणि एकाच कामावर विसंबलेल्या संस्थेला तेव्हा दुसरा आधार उरला नाही.

यातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. राखीव कामाबरोबर कारभाराचे शिक्षण दिले नाही, तर मालकी कागदावरच राहते. आणि शासकीय काम ही उद्योगाची पहिली पायरी ठरावी, शेवटची ठरू नये.

आजच्या तरतुदी

केंद्र सरकारने २०१२ मध्ये सूक्ष्म व लघुउद्योगांसाठी सार्वजनिक खरेदीचे धोरण आदेशाने लागू केले. त्यात २०१८ मध्ये सुधारणा झाली. केंद्रीय मंत्रालये, विभाग व सार्वजनिक उपक्रम यांनी आपल्या वार्षिक खरेदीपैकी किमान २५ टक्के खरेदी सूक्ष्म व लघुउद्योगांकडून करावी, असे हे धोरण सांगते. त्यात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी ४ टक्के आणि महिला उद्योजकांसाठी ३ टक्के वाटा ठरविलेला आहे. एकल मालकीच्या उद्योगात मालक महिला असली, अथवा भागीदारीत वा कंपनीत महिलांचा वाटा किमान ५१ टक्के असला, तर तो उद्योग महिलांचा समजला जातो. अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांबाबतही कसोटी अशीच आहे.

या धोरणाखाली निविदेचे कागद विनामूल्य मिळतात आणि इसारा रक्कम भरण्यापासून सूट मिळते. सर्वांत कमी दर मोठ्या पुरवठादाराचा असेल आणि लघुउद्योगाचा दर त्याहून १५ टक्क्यांच्या आत असेल, तर तोच कमी दर मान्य करून मागणीचा काही भाग पुरविण्याची संधी लघुउद्योगाला द्यावी लागते. मालाचा दर्जा सांभाळून पूर्वानुभवाच्या व उलाढालीच्या अटी शिथिल करण्याचीही मुभा आहे. ३५८ वस्तू केवळ सूक्ष्म व लघुउद्योगांकडून घ्यावयाच्या म्हणून राखून ठेवलेल्या आहेत.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. हा आदेश केंद्रीय कार्यालयांना व उपक्रमांना लागू आहे. जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि ग्रामपंचायत यांची खरेदी राज्य शासनाच्या नियमांनुसार चालते. म्हणून तारापूरच्या अणुवीज केंद्रासारख्या केंद्रीय उपक्रमाला माल देऊ इच्छिणाऱ्या गटाने केंद्राच्या आदेशाचा आधार घ्यावा. अंगणवाडी वा शाळेचे काम मागणाऱ्या गटाने त्या त्या योजनेचा शासन निर्णय समोर ठेवावा. दरपत्रके व ई-निविदा यांच्या रकमेच्या मर्यादा वेळोवेळी बदलतात, यासाठी खरेदीच्या दिवशी लागू असलेला निर्णयच पाहावा.

नोंदणीचे काम पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली उद्यम नोंदणी विनामूल्य आहे, आणि तीसाठी पैसे मागणारा मध्यस्थ फसवणूक करीत असतो, हे गटांना स्पष्ट सांगितले पाहिजे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या जेम या शासकीय ई-बाजारपेठेत महिला व बचत गटांच्या मालासाठी २०१९ पासून वुमनिया हा वेगळा विभाग आहे. राज्यांतर्गत माल पुरविणाऱ्याची वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांच्या आत असेल, तर वस्तू व सेवा कराची नोंदणी सर्वसाधारणपणे सक्तीची नाही. तरीही अनेक कार्यालये सवयीने हे प्रमाणपत्र मागतात आणि लहान गट पहिल्याच पायरीवरून परत जातो.

अंगणवाडीच्या ताटावरून न्यायालयापर्यंत

१९९२ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला. तेव्हापासून जव्हार-मोखाड्यात पूरक आहाराचा प्रश्न जीवनमरणाचा मानला जातो. म्हणून आहाराच्या पुरवठ्याचे उदाहरण येथे विस्ताराने पाहणे योग्य होईल.

अन्नाच्या हक्कासंबंधी २००१ मध्ये दाखल झालेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २००४ रोजी एक आदेश दिला. अंगणवाडीच्या पोषण आहारासाठी ठेकेदार वापरू नयेत, आणि धान्य खरेदी व अन्न शिजविणे ही कामे शक्यतो ग्रामसमाज, बचत गट व महिला मंडळे यांच्यामार्फत व्हावीत, असा त्याचा आशय होता. आदेशाचे शब्द निःसंदिग्ध होते, पण त्याची अंमलबजावणी निविदेच्या अटींवर अवलंबून राहिली.

महाराष्ट्रात २०१६ मध्ये घरी न्यावयाच्या आहारासाठी निविदा काढण्यात आल्या. त्यांत अनेक प्रकल्प एकत्र जोडून मोठे गट पाडले होते. एवढ्या पुरवठ्यासाठी लागणारी यंत्रे, भांडवल आणि उलाढाल सामान्य बचत गटाजवळ असणे शक्यच नव्हते. अर्ज महिला संस्थांनीच करावयाचा होता, पण कामाचा आकार मात्र कारखानदाराच्या मापाचा होता. वैष्णोराणी महिला बचत गटाने हा प्रश्न न्यायालयात नेला. २६ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती निविदा प्रक्रिया रद्द ठरवून नव्याने निविदा काढण्याचे निर्देश दिले.

या निकालाचा बोध खरेदी करणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने लक्षात ठेवावा असा आहे. कोणाला काम मिळणार, हे बहुधा निविदा उघडण्याच्या दिवशी ठरत नाही. ते निविदा लिहिण्याच्या दिवशीच ठरलेले असते. गटाच्या आवाक्याबाहेरची मागणी एकदा लिहिली, की पुढे दोनच मार्ग उरतात. एक तर गट दूर राहतो, किंवा भांडवलवाला पुरवठादार गटाच्या नावाची पाटी लावून आत येतो.

दुसऱ्या रीतीने काम होऊ शकते, हे केरळने दाखविले आहे. तेथील कुटुंबश्री या १९९८ मध्ये सुरू झालेल्या महिला चळवळीचे दोनशेहून अधिक लहान घटक बालकांसाठी ‘अमृतम न्यूट्रिमिक्स’ हे पौष्टिक पीठ तयार करून आपापल्या परिसरातील अंगणवाड्यांना देतात. पिठाचे प्रमाण सर्वत्र एकच असते, परंतु उत्पादन विखुरलेले असते. एखादा घटक बंद पडला, तर शेजारचा घटक त्याची गरज भागवू शकतो. एकाच ठेकेदारावर सर्व अंगणवाड्या विसंबलेल्या असतील, तर ही सोय राहत नाही.

आपल्याकडेही २०१५ मध्ये आदिवासी भागासाठी सुरू झालेल्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत गर्भवती व स्तनदा मातांना गावातच शिजविलेले ताजे जेवण देण्याची कल्पना आहे. आहाराचा निधी गावपातळीवर देऊन खरेदी तेथेच व्हावी, हे तिचे तत्त्व या लेखाच्या विषयाशी जुळणारे आहे.

गणवेशाचा अनुभव

काम महिलांना दिले, पण त्याचा एक भाग त्यांच्या ताब्याबाहेर ठेवला, तर काय होते याचे उदाहरण अलीकडचे आहे. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात राज्यात ‘एक राज्य एक गणवेश’ ही पद्धत अमलात आली. कापडाची खरेदी एकत्रित झाली, आणि शिवणकाम महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडे सोपविण्यात आले. १९७५ साली स्थापन झालेले हे महामंडळ बचत गटांच्या कामात दीर्घ अनुभवी आहे, आणि हजारो महिलांना शिवणाचे काम देण्याचा हेतू चांगलाच होता.

प्रत्यक्षात अनेक शाळांत गणवेश वेळेवर पोचले नाहीत, आणि मापांविषयी तक्रारी आल्या. डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने २०२५-२६ पासून गणवेशाची जबाबदारी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्याचा निर्णय घेतला.

येथे शिवणारी महिला दोन टोकांच्या मध्ये अडकलेली असते. कापड केव्हा येणार, हे तिच्या हाती नसते, आणि मुलाचे माप तिने स्वतः घेतलेले नसते. उशीर झाला, की बोल मात्र तिला लागतो. शाळा व्यवस्थापन समितीने आता हे काम गावाजवळच्या गटाला द्यावयाचे ठरविले, तर कापडाची निवड, माप आणि शिलाई हे सर्व एकाच ठिकाणी होऊ शकते. गटाची एखादी सदस्य एप्रिलमध्ये शाळेत येऊन मुलांची मापे घेऊ शकते. शिक्षकांनी यासाठी एक दिवस राखून ठेवला, तरी अर्धे काम झाल्यासारखे आहे.

देयकाचा उशीर आणि गटाचा हिशेब

काम मिळाल्यानंतर गट बुडतो तो बहुधा देयकाच्या उशिरामुळे. हे आकड्यांनी समजून घेऊ.

समजा, एका गटाला नाचणीच्या पिठाचा दरमहा ७५,००० रुपयांचा पुरवठा मिळाला. नाचणी, गूळ, दळण व पिशव्या यांवर ६०,००० रुपये, वाहतुकीवर ३,००० रुपये आणि महिलांच्या मजुरीवर ८,००० रुपये खर्च झाले. गटाकडे ४,००० रुपये शिल्लक राहिले. कच्चा माल व वाहतूक यांचे ६३,००० रुपये गटाने दरमहा २ टक्के व्याजाने उचलले आहेत, असे धरू. देयक दीड महिन्यात मिळाले, तर १,८९० रुपये व्याजात जातात आणि २,११० रुपये हाती राहतात. देयक चार महिन्यांनी मिळाले, तर व्याजच ५,०४० रुपये होते, म्हणजे शिलकीपेक्षा १,०४० रुपये अधिक. शिवाय चार महिन्यांचे २,५२,००० रुपये कार्यालयाकडे अडकून पडतात. महिलांची मजुरीही थकते, हे वेगळेच. पिठाचा दर तोच, दर्जा तोच, मेहनतही तीच. केवळ उशिरामुळे नफ्याचा धंदा तोट्याचा होतो.

मोठा ठेकेदार हा उशीर सोसू शकतो, म्हणून तो कमी दरही देऊ शकतो. लहान गटाला दर वाढवावा लागतो, आणि मग तो महाग ठरतो. याकरिता देयक वेळेवर देणे ही गटावरील मेहेरबानी समजू नये. स्पर्धा खरी व्हावी यासाठीची ती पहिली अट आहे.

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ याने यासाठी उपाय सांगितला आहे. नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु पुरवठादाराला ठरलेल्या मुदतीत, आणि ती मुदत कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांहून अधिक नसावी, अशा रीतीने पैसे द्यावे लागतात. लेखी करार नसेल, तर मुदत १५ दिवसांची असते. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज देय होते. तक्रार राज्याच्या सुविधा परिषदेकडे करता येते. खाजगी कंपन्यांवर आणखी एक दडपण आले आहे. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून सूक्ष्म व लघु उत्पादकाचे देणे मुदतीत न चुकविल्यास ते दिले जाईपर्यंत आयकरासाठी खर्च म्हणून धरता येत नाही.

कायदा हाती असला, तरी ज्या कचेरीकडून पुढच्या वर्षीही काम हवे, तिच्याविरुद्ध तक्रार करण्यास गट धजत नाही. म्हणून अधिकाऱ्यांनीच माल मिळाल्याची तारीख नोंदवून, देयकातील त्रुटी एकदाच आणि लेखी कळवाव्यात. तीन वेळा तीन वेगळ्या त्रुटी काढणे हा उशिराचा सर्वांत रुळलेला मार्ग आहे.

हंगाम, स्थलांतर आणि निविदेची तारीख

जव्हार-मोखाड्यातील पुष्कळ कुटुंबे भातकापणी व दिवाळी आटोपली, की भिवंडी, वसई, कल्याण या भागांतील वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. काही होळीला परततात, तर काही थेट पावसाच्या तोंडावर. शासकीय खरेदीची घाई मात्र आर्थिक वर्षाच्या अखेरीस, म्हणजे जानेवारी ते मार्चमध्ये असते. गटाच्या सभासद गावात नसतात, तेव्हाच निविदेची सूचना निघते.

याच गोष्टीकडे उलट बाजूने पाहता येईल. पुरवठ्याची मागणी ऑक्टोबरमध्ये निश्चित झाली आणि काम नोव्हेंबर ते मे या काळात विभागून दिले, तर तेच काम स्थलांतराला पर्याय ठरते. नाचणी याच सुमारास घरात आलेली असते आणि तेव्हा तिचा भावही परवडणारा असतो. ज्या आईला गावातच मजुरी मिळाली, तिच्या मुलाची शाळा आणि अंगणवाडी दोन्ही सुटत नाहीत. खरेदीची तारीख ही कचेरीची किरकोळ बाब वाटते, पण या भागात ती शिक्षणाची आणि पोषणाचीही बाब आहे.

खाजगी उद्योगांची मागणी

शासकीय कामावरच विसंबून राहिल्याने काय घडते, हे कूपांच्या इतिहासात आपण पाहिले. म्हणून गटांनी जिल्ह्यातील कारखान्यांकडेही वळले पाहिजे. कामगारांच्या उपाहारगृहासाठी भाकरी व पापड, कामाचे कपडे, हातमोजे, कागदी व कापडी पिशव्या, बांबूच्या टोपल्या, भेटीदाखल द्यावयाची वारली चित्रे अशा मागण्या तेथे असतात. वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळालेले आहे. मूळ चित्रकारांकडूनच चित्रे घ्यावीत, असा आग्रह गटाला त्या आधारावर धरता येतो.

खाजगी उद्योग शक्यतो एका गावाशी नव्हे, तर एका व्यवस्थेशी व्यवहार करू पाहतात. त्यांना नमुन्याबरहुकूम माल, ठरलेला दिवस आणि एकच जबाबदार व्यक्ती हवी असते. यासाठी पाच-दहा गावांच्या गटांनी एकत्र येऊन प्रभागसंघाच्या वा सहकारी संस्थेच्या नावे मागणी घ्यावी आणि काम आपसांत वाटून घ्यावे. पुण्यात २००५ मध्ये स्थापन झालेल्या दलित उद्योजकांच्या वाणिज्य व उद्योग महासंघाने मोठ्या कंपन्या आणि लहान पुरवठादार यांना समोरासमोर बसविण्याची जी रीत पाडली, ती आदिवासी महिलांच्या गटांनाही उपयोगी पडेल. वर्षातून एकदा तालुक्याच्या ठिकाणी असा मेळावा जिल्हा उद्योग केंद्राच्या साह्याने भरविता येईल.

या कामाला वेळ लागतो, हे जगाच्या अनुभवावरूनही दिसते. अमेरिकेत १९९४ च्या कायद्याने संघराज्य सरकारच्या कंत्राटांपैकी ५ टक्के वाटा महिलांच्या लघुउद्योगांना मिळावा, असे उद्दिष्ट ठरले. ते प्रथम गाठले गेले २०१५ या आर्थिक वर्षात. काही कंत्राटे केवळ महिलांच्या उद्योगांसाठी राखून ठेवण्याची पद्धत तेथे २०११ मध्ये प्रत्यक्षात आली, आणि त्यानंतरच हा पल्ला गाठता आला. नुसते उद्दिष्ट लिहून ठेवण्यात आणि ते खरेदीच्या रोजच्या पद्धतीत उतरविण्यात असा फरक असतो.

कोणी काय करावे

खरेदी अधिकाऱ्यांच्या मनात लेखापरीक्षणाची धास्ती असते. निविदा टाळण्यासाठी खरेदीचे तुकडे पाडणे नियमबाह्य आहे, हे खरेच. परंतु एकाच जाहीर सूचनेत केंद्रनिहाय वा परिसरनिहाय अनेक भाग दाखवून प्रत्येक भागासाठी स्वतंत्र दर मागविणे ही वेगळी गोष्ट आहे. यात स्पर्धा राहते, मंजुरी एकूण रकमेच्या सक्षम अधिकाऱ्याचीच घेतली जाते, आणि तरीही लहान गट एका भागापुरता भाग घेऊ शकतो. असा निर्णय घेताना त्याची कारणे टिपणीत लिहून ठेवली, म्हणजे पुढे आक्षेपाला उत्तर तयार असते. उलाढाल, अनुभव व यंत्रसामग्री यांच्या अटी कामाच्या आकाराशी प्रमाणबद्ध ठेवाव्यात.

शिक्षकांचे साह्य दोन बाबतींत मोलाचे ठरेल. निविदेची भाषा सोप्या मराठीत समजावून देणे ही पहिली, आणि गटातील एक-दोन तरुण मुलींना नोंदवही, पावती, साठा व देयक लिहावयास शिकविणे ही दुसरी. शिक्षकाने स्वतः हिशेब लिहून देऊ नये. तसे केले, तर जंगल कामगार संस्थांच्या पुरस्कर्त्यांची जुनी चूक आपण नव्याने करू.

पंचायत सदस्यांची जबाबदारी सर्वांत नाजूक आहे. जव्हार व मोखाडा हे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. १९९६ चा पेसा कायदा आणि त्याखालील २०१४ चे राज्याचे नियम यांमुळे येथील ग्रामसभेला विशेष अधिकार आहेत. गावात येणाऱ्या कामांत गटाचे नाव खरे की खोटे, हे ग्रामसभेइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक नसते. तिने वर्षातून एकदा पुढील प्रश्न मोकळेपणाने विचारावेत.

१. बँकखात्यावर सह्या कोणाच्या आहेत, आणि पासबुक कोणाच्या घरी असते?

२. कच्चा माल कोणी, कोठून व कोणत्या भावाने घेतला, हे किमान तीन सभासदांना सांगता येते काय?

३. माल गटाच्या जागेत तयार होतो, की तयार माल बाहेरून आणून केवळ पोचविला जातो?

४. गेल्या वर्षीची शिल्लक किती, आणि तिचे वाटप कोणत्या सभेत ठरले?

५. गटाला पैसे उसने देणारी व्यक्ती आणि गटाचा माल वाहणारी वा विकणारी व्यक्ती एकच आहे काय?

या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक आली, तर गटाची मालकी खरी समजावी. ती तशी आली नाहीत, तर लगेच काम काढून घेण्यापूर्वी गटाला कशाचे भय वा कशाची अडचण आहे, हे जाणून घ्यावे. बहुधा ती अडचण भांडवलाची असते. त्यासाठी महाराष्ट्र राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान, महिला आर्थिक विकास महामंडळ आणि शबरी आदिवासी वित्त व विकास महामंडळ यांच्याशी गटाचा संबंध जोडून देणे हे पंचायतीचे काम आहे.

प्रारंभ लहान कामापासून व्हावा. पोशेऱ्यासारख्या गावात एका अंगणवाडीचा आहार, एका शाळेचे गणवेश किंवा एका कार्यालयाची साफसफाई एवढे काम पहिल्या वर्षी पुरेसे आहे. ते वेळेवर आणि चोख झाले, देयक मुदतीत मिळाले, आणि हिशेब सभासदांनीच ग्रामसभेत वाचून दाखविला, तर दुसऱ्या वर्षी त्या गटाजवळ अनुभवाचा दाखला, थोडी पुंजी आणि बँकेत पत या तीन गोष्टी जमा होतात. पुढच्या निविदेत तो गट सवलतीबरोबरच स्वतःच्या कर्तबगारीवर उभा राहतो. कूपाच्या दिवसांत डोंगरातील माणसाला मजुरी मिळाली, पण कारभार मिळावयाचा राहिला. तो आता त्याच डोंगरातील महिलांच्या हाती देण्याची संधी आपल्या रोजच्या खरेदीच्या कागदांत आहे, आणि तिची सुरुवात पुढच्या निविदेच्या मसुद्यापासूनच करता येईल.